विनावेतन न्यायदान : इंग्लंडच्या इतिहासातील एक धडा

कायद्याची पदवी नाही, सरकारी वेतन नाही, आणि तरीही न्यायासनावर बसून गुन्हेगारास शिक्षा सुनावण्याचा अधिकार आहे, अशी माणसे इंग्लंडमध्ये आजही आढळतात. त्यांस ‘जस्टिस ऑफ दि पीस’ म्हणतात. आपल्याकडील जुन्या पिढीस ‘जे. पी.’ हे बिरुद परिचित आहेच.

इ. स. ११९५ मध्ये राजा पहिला रिचर्ड याच्या अमदानीत काही नाइट लोकांवर आपापल्या मुलखातील शांतता राखण्याचे काम सोपविण्यात आले. पुढे १३६१ मध्ये तिसऱ्या एडवर्डच्या कायद्याने परगण्यापरगण्यांत असे न्यायाधीश नेमण्याची पद्धत दृढ झाली. वर्षातून चार वेळा ते एकत्र बसून खटले चालवीत. ट्यूडर राजांच्या काळात तर रस्ते व पूल, दारूचे गुत्ते, गोरगरिबांचे पोषण, मजुरांचे दर हे सारे त्यांच्याच शिरावर आले. पगारी नोकरांची फौज न बाळगता राज्यकारभार चालला, तो यांच्या जोरावर.

मात्र या सेवेस एक कीड लागलेली होती. १७३२ च्या कायद्याने परगण्यातील न्यायाधीशास सालीना शंभर पौंड उत्पन्नाची जमीन असणे आवश्यक ठरले. साहजिकच न्यायासन जमीनदारांच्या हाती राहिले. रानातला ससा चोरून मारणारा गरीब मजूर ज्यांच्यापुढे उभा राही, ते बहुधा त्या रानाच्या मालकाचेच शेजारी व स्नेही असत. लंडनकडे काही न्यायाधीशांनी तर फीच्या लोभाने न्यायाचा बाजार मांडला. अखेर १७९२ मध्ये तेथे पगारी मॅजिस्ट्रेट नेमावे लागले.

तरीही ही संस्था टिकली, कारण ती सुधारत गेली. १८८८ मध्ये परगण्याचा कारभार लोकनियुक्त मंडळांकडे गेला. १९०६ मध्ये मालमत्तेची अट गेली. १९१९ मध्ये स्त्रियांस दार उघडले आणि त्याच वर्षअखेर अ‍ॅडा समर्स या पहिल्या स्त्री-न्यायाधीश झाल्या. १९६६ पासून नव्या न्यायाधीशांस प्रशिक्षण सक्तीचे झाले. आज सामान्यतः तिघे मिळून बसतात, कायदेतज्ज्ञ सल्लागार त्यांस कायदा समजावून देतो, आणि फौजदारी खटल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक त्यांच्या कोर्टांतच निकालात निघतात.

मुंबईसही या संस्थेचा स्पर्श झाला. नाना शंकरशेट हे येथील पहिल्या हिंदी जे. पीं.पैकी एक, १८६५ च्या कायद्याने तर शहराचा कारभारच जस्टिसांच्या मंडळाकडे आला होता.

आपल्या मंडळाचे कार्यही विनावेतन चालते. म्हणून या इतिहासाचा धडा आपणांसही लागू आहे. वेतन न घेतल्याने कोणी आपोआप निःस्वार्थी ठरत नाही. ज्यांच्याविषयी निर्णय घ्यावयाचा, त्यांच्यापैकी कोणीतरी निर्णयाच्या आसनावर असावे लागते. इंग्लंडास हे उमजावयास कित्येक शतके लागली. आपणांस तितका विलंब लागू नये.