सक्तीची वंशावळ

१२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणातल्या चरखी दादरीच्या आभाळात सौदी अरेबियाचं बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचं इल्युशिन ७६ एकमेकांवर आदळली. एक दिल्लीहून नुकतंच उडालेलं, दुसरं दिल्लीत उतरायला निघालेलं. ३४९ माणसं गेली. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर थांबायला सांगितलं होतं. ते त्याच्याखाली उतरलं आणि १४ हजार फुटांवरच्या सौदी विमानाच्या वाटेत आलं. आसपासचं बरंच आकाश हवाई दलाच्या ताब्यात असल्याने येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना एकच मार्ग होता. नियंत्रकाच्या पडद्यावर ठिपके दिसत, त्यांची उंची दिसत नसे.

दोन्ही विमानांत नसलेलं एक यंत्र तोवर जगात होतं, अमेरिकेत तर कायद्याने सक्तीचं होतं. समोरून विमान येतंय हे ओळखून वैमानिकाला ‘वर जा’ किंवा ‘खाली जा’ असं बोलून सांगणारं हे यंत्र म्हणजे टीकॅस. त्याच्या शोधाची गोष्ट अभियंत्यांची आहे. ते विमानात कसं आलं, ही मात्र कायद्याची गोष्ट आहे आणि मला तीच जास्त बोलकी वाटते.

मूळ शोधायचं तर ३० जून १९५६ ला जावं लागतं. लॉस एंजलिसहून तीन मिनिटांच्या अंतराने निघालेली ‘टीडब्ल्यूए’ आणि ‘युनायटेड’ची दोन विमानं ग्रँड कॅन्यनवर २१ हजार फुटांवर आदळली. १२८ मृत्यू. त्या टापूतल्या आकाशावर कुणाचं नियंत्रणच नव्हतं. ‘डोळे उघडे ठेवा आणि चुकवा’ एवढाच नियम. या अपघाताने उठलेल्या गदारोळातून १९५८ चा फेडरल एव्हिएशन कायदा झाला आणि आकाशाची जबाबदारी एका हाती आली. त्याच सुमारास बेंडिक्स कंपनीतले डॉ. जॉन मॉरेल यांनी एक साधा, पण पुढे सगळ्याचा पाया ठरलेला विचार मांडला: दोन विमानांमधलं अंतर किती, यापेक्षा धडकेला किती सेकंद उरलेत, हे मोजा. जेट विमानं समोरासमोर येत असताना पाच मैल म्हणजे वीसेक सेकंद. एकामागून एक जाताना तेवढंच अंतर निर्धास्त असतं.

कल्पना १९५६ ची, सक्ती १९८७ ची. मधली तीस वर्षं नुसत्या आळसाची नव्हती, हे खरं. साठच्या दशकातली यंत्रं विमानतळाजवळच्या गर्दीत नको तेव्हा बोंब मारत, आणि दोन्ही विमानांत तीच सामग्री असल्याशिवाय त्यांचा उपयोग नव्हता. मग विमानांत आधीपासून असलेल्या, रडारला उत्तर देणाऱ्या ट्रान्सपॉन्डरलाच हाक घालावी, उत्तर यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढावं, उत्तरातच उंची मिळवावी, असा मार्ग सापडला. १९७८ मध्ये सॅन दिएगोवर एक प्रवासी विमान आणि छोटं सेसना आदळून १४४ जण गेल्यावर या कामाला वेग आला. तरीही यंत्र बसवायलाच हवं, असं कुणी म्हणेना.

ते म्हटलं अमेरिकी काँग्रेसने, तेही आणखी एका धडकेनंतर. ३१ ऑगस्ट १९८६ ला लॉस एंजलिसजवळच्या सेरिटोसवर ‘एरोमेहिको’चं डीसी-९ आणि एक छोटं पायपर विमान भिडलं. ८२ मृत्यू, त्यांतले १५ जमिनीवरचे. पायपरच्या ट्रान्सपॉन्डरला उंची सांगता येत नव्हती. १९८७ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने तीसहून जास्त आसनांच्या विमानांना टीकॅस सक्तीचं केलं. मुदत १९९१ ची, ती पुढे १९९३ पर्यंत ताणली गेली. पुढच्या नियमांनी मोठ्या विमानतळांभोवती उडणाऱ्या छोट्या विमानांनाही उंची सांगणारा ट्रान्सपॉन्डर लावायला लावला. हे कलम मला यंत्राइतकंच मोलाचं वाटतं. समोरचा उत्तरच देत नसेल तर टीकॅस आंधळं.

भारतात ही सक्ती चरखी दादरीनंतर आली. मूळ कायदा १९३४ चा, नियम १९३७ चे, आणि त्यांतल्या अधिकाराने नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, काढतं त्या ‘नागरी विमान वाहतूक आवश्यकता’. संसदेत चर्चा न होताही ही सामग्री बंधनकारक झाली. गंमत अशी, की ज्या डीजीसीएने हे केलं त्याला स्वतःला वैधानिक दर्जा २०२० च्या दुरुस्तीने मिळाला. १९३४ चा तो कायदाही आता गेला. १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू आहे.

यंत्र लावा, असं कायद्याने सांगितलं. त्याचं ऐका, हे मात्र पुरतं सांगायचं राहिलं. जानेवारी २००१ मध्ये जपानवर दोन जपानी विमानं थोडक्यात वाचली: नियंत्रक एक सांगत होता, टीकॅस दुसरं. जपानने आंतरराष्ट्रीय संघटनेकडे, म्हणजे आयकाओकडे, नियम स्पष्ट करण्याची मागणी केली. तो स्पष्ट होण्याआधीच १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेनवर रशियन तुपोलेव्हला टीकॅस ‘वर’ म्हणालं, झुरिकचा नियंत्रक ‘खाली’. वैमानिकांनी माणसाचं ऐकलं. समोरच्या मालवाहू विमानाने यंत्राचं ऐकलं आणि तेही खालीच गेलं. ७१ मृत्यू, त्यांत बहुतेक शाळकरी मुलं. दोन्ही विमानांत टीकॅस होतं आणि ते चोख चाललं होतं. जर्मन तपासाने नियमांवरही बोट ठेवलं: अपुरे, आणि काही ठिकाणी परस्परविरोधी. त्यानंतर आयकाओने लिहून टाकलं, की यंत्राचा आदेश नियंत्रकाच्या सूचनेवर वरचढ.

तरी सक्तीत फटी उरल्याच. २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये पोटोमॅक नदीवर प्रवासी जेट आणि लष्करी हेलिकॉप्टर आदळलं, ६७ जण गेले. जेटमधलं टीकॅस वीस सेकंद आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ म्हणालं होतं. ‘वर’ की ‘खाली’ हे ते जमिनीजवळ, साधारण हजार फुटांखाली, सांगतच नाही. आसपासच्या विमानांनी प्रसारित केलेली जागा कॉकपिटमध्ये दाखवणारी सामग्री बसवा, अशी शिफारस अमेरिकी तपास मंडळ दहा वर्षांहून जास्त काळ करत होतं. स्वतःची जागा प्रसारित करणं बहुतेक विमानांना २०२० पासून सक्तीचं होतं, लष्कराला त्यातून सूट होती, आणि त्या रात्री हेलिकॉप्टर ती प्रसारित करत नव्हतं. दुसऱ्यांची जागा पाहणारी सामग्री मात्र कुणालाच सक्तीची नव्हती.