लिनक्सची किल्ली हरवली तर...

तालुक्याच्या गावी, मग ते परभणी जिल्ह्यातील सोनपेठ असो वा अन्य कोणते, संगणक अडला की दुरुस्तीचा पहिला सल्ला बहुधा ठरलेला असतो : ‘फॉरमॅट मारा.’ लिनक्स प्रणालीवरील प्रशासकाचे अधिकार चुकून गमावले गेले असतील, तर हा सल्ला अनावश्यकच नव्हे, तर घातक आहे. पतसंस्थेची खाती, शाळेचे निकाल, डीटीपी केंद्रातील वर्षानुवर्षांच्या फायली हे सारे डिस्कवर जागच्या जागी असते. बंद झालेला असतो तो केवळ एक दरवाजा आणि तो उघडता येतो.

लिनक्समधील सर्वाधिकारी वापरकर्त्याला ‘रूट’ म्हणतात. उबुंटूने २००४ मधील पहिल्या आवृत्तीपासून रूटचे खाते कुलूपबंद ठेवले असून, प्रणाली बसवताना तयार होणाऱ्या पहिल्या वापरकर्त्याला ‘सुडो’ या आज्ञेद्वारे तात्पुरते अधिकार मिळतात. ही आज्ञा १९८० च्या सुमारास अमेरिकेतील बफेलो येथील विद्यापीठात बॉब कॉगेशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी लिहिली. अधिकार कोणाला, हे ‘सुडोअर्स’ नावाची एक छोटी फाईल ठरवते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची ‘बॉस’ ही प्रणालीही उबुंटूप्रमाणेच डेबियनवर बेतलेली असल्याने पुढील विवेचन तिलाही बहुतांशी लागू पडते.

सर्वाधिक घात करणारी चूक अवघ्या एका अक्षराची आहे. वापरकर्त्याला प्रिंटरसारख्या नव्या गटात घालण्यासाठी ‘युजरमॉड’ ही आज्ञा वापरतात. तिच्यात मोठ्या ‘जी’सोबत लहान ‘ए’ देण्याचे राहिले, तर नवा गट जुन्यांत मिळवला जात नाही. जुने गटच काढून टाकले जातात. त्यांत ‘सुडो’ गटही जातो. गंमत अशी की, चालू सत्रात जुने सदस्यत्व सहसा टिकून असते, त्यामुळे चूक लक्षात येते ती दुसऱ्या दिवशी. त्याच वेळी ध्यानात आल्यास लॉगआउट न करता चूक तिथल्या तिथे सुधारता येते.

दुसरी चूक सुडोअर्स फाईल साध्या संपादकात उघडून बदलण्याची. एखादा स्वल्पविराम चुकला तरी जुन्या आवृत्त्यांतील सुडो काम करण्यास साफ नकार देते. २०२० नंतरच्या आवृत्त्या सदोष ओळ वगळून पुढे जातात, पण बिघडलेली ओळ नेमकी अधिकार देणारीच असेल तर त्याचा उपयोग नाही. यासाठीच ‘व्हिसुडो’ ही स्वतंत्र आज्ञा आहे. व्याकरण तपासून दोष आढळल्यास ती इशारा देते. दोष केवळ फाईलमध्ये असेल आणि वापरकर्ता गटात कायम असेल, तर ‘पीकेएक्झेक’ या आज्ञेमार्फत व्हिसुडो चालवून संगणक बंद न करताही दुरुस्ती होऊ शकते.

हे साधले नाही, तर संगणक पुन्हा सुरू करावा. सुरुवातीलाच जुन्या यंत्रांवर शिफ्ट आणि नव्यांवर एस्केप कळ दाबल्यास ‘ग्रब’चा मेनू दिसतो. त्यातील प्रगत पर्यायांत ‘रिकव्हरी मोड’ निवडून ‘रूट’वर जावे. येथे डिस्क अनेकदा केवळ वाचण्यासाठी जोडलेली असते. ‘माउंट’ आज्ञेतील ‘रिमाउंट’ आणि ‘आरडब्ल्यू’ या पर्यायांनी ती लिहिण्यायोग्य करावी लागते. ही पायरी विसरणारे बरेच असतात आणि दुरुस्ती का टिकत नाही म्हणून हैराण होतात. त्यानंतर युजरमॉडने, या वेळी लहान ‘ए’सह, वापरकर्त्याला सुडो गटात परत घ्यावे किंवा व्हिसुडोने फाईल सुधारावी. फेडोरा व रेड हॅटवर या गटाचे नाव ‘व्हील’ आहे. सर्व आज्ञा अर्थातच लहान इंग्रजी लिपीत टंकायच्या.

डेबियनवर रिकव्हरी मोड रूटचा परवलीचा शब्द मागतो आणि खाते कुलूपबंद असेल तर तेथेच अडवतो. अशा वेळी ग्रबच्या मेनूत ‘ई’ कळ दाबून ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘इनिट’ म्हणून बॅशचा मार्ग द्यावा, की प्रणाली थेट रूटच्या हाती येते. तेही जमले नाही, तर लाइव्ह पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून मूळ डिस्कवरील फाईल दुरुस्त करता येते.

कळफलकाजवळ बसलेल्या कोणालाही हे सारे करता येते, ही याची दुसरी बाजू. सार्वजनिक जागेतील संगणकावर ग्रबला परवलीचा शब्द लावल्यास हा मार्ग अवघड होतो. डिस्क कूटबद्ध केल्यास परक्याला तो जवळपास बंदच होतो. मात्र कूटबद्ध डिस्कचा परवलीचा शब्द मालकच विसरला, तर वरीलपैकी एकही उपाय चालत नाही.