रंगूनचे लपलेले कॅमेरे : ब्रह्मदेश, २००७ (थ्रेड)

मराठी वाचकाला ब्रह्मदेश प्रथम आठवतो तो मंडालेच्या तुरुंगामुळे. ‘केसरी’तील लेखांबद्दल लोकमान्य टिळकांनी तेथे १९१४ पर्यंत कारावास भोगला. सुमारे शतकानंतर त्याच देशात शब्दाऐवजी चित्रफीत राजद्रोही ठरली.

१५ ऑगस्ट २००७ रोजी लष्करी राजवटीने इंधनाचे दर अकस्मात वाढवले. ५ सप्टेंबरला पाकोक्कू येथे सैनिकांनी भिक्षूंना मारहाण केली आणि असंतोषाचा वणवा झाला. भिक्षूंनी लष्करशहांच्या दानावर बहिष्कार घातला. भिक्षापात्र उपडे करणे हा बौद्ध परंपरेतील फार कठोर निषेध होय. जगाने या उठावाला ‘भगवी क्रांती’ म्हटले. ब्रह्मी भिक्षूंचे चीवर बहुधा गडद किरमिजी असते, पण नाव रूढ झाले ते झालेच.

विदेशी पत्रकारांना देशाची दारे जवळपास बंद होती आणि मोबाइलचे सिमकार्ड सामान्यांच्या आवाक्याबाहेर होते. तरीही दृश्ये बाहेर पडली. नॉर्वेतील ऑस्लो येथून चालणाऱ्या ‘डेमोक्रॅटिक व्हॉइस ऑफ बर्मा’ या निर्वासितांच्या वृत्तसंस्थेने देशात गुप्त चित्रवार्ताहरांचे जाळे विणले होते. पिशवीत वा काखेखाली लपवलेला छोटा हँडीकॅम, सायबर कॅफेतून कूर्मगतीने जाणारी फाइल, कधी सीमेपार हातोहात पोहोचवलेली टेप. ऑस्लोहून तीच दृश्ये उपग्रहाद्वारे पुन्हा ब्रह्मदेशातील घरांत उतरत आणि बीबीसी, सीएनएनवरही झळकत. स्वतःच्या रस्त्यावर काय घडले, हे रंगूनकरांना ऑस्लोमार्गे कळत होते!

२७ सप्टेंबरला सुले पॅगोडाजवळ जपानी पत्रकार केंजी नागाई गोळी लागून कोसळले. मृत्यू अपघाती असल्याचे राजवटीने सांगितले. मात्र या जाळ्याच्या चित्रफितीत एका सैनिकाने त्यांच्यावर अगदी जवळून गोळी झाडल्याचे दिसत होते. चित्रफितीपुढे खुलासा टिकेना, तेव्हा महिनाअखेरीस राजवटीने सबंध देशाचे इंटरनेटच तोडले. त्या काळी हा उपाय नवा होता. पुढे तो अनेक सरकारांच्या अंगवळणी पडला.

किंमत चित्रण करणाऱ्यांनी मोजली. पाकोक्कूच्या भिक्षूंच्या मुलाखती घेणाऱ्या ल्हा ल्हा विन यांना २००९ मध्ये अटक झाली. आधी बेकायदा आयात केलेली मोटारसायकल वापरल्याबद्दल ७ वर्षे, मग इलेक्ट्रॉनिक्स कायद्याखाली आणखी २० वर्षे शिक्षा झाली. २०१२ मध्ये त्यांची मुक्तता झाली.

२०१४ नंतर स्वस्त सिमकार्डे आली आणि जवळपास प्रत्येक हातात कॅमेरा आला. त्यामुळे १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी बंडानंतर चित्रण करण्यासाठी गुप्त जाळ्याची वाट पाहावी लागली नाही. सेनेनेही धडा घेतला होता: काही दिवसांतच फेसबुकवर बंदी आली आणि मार्चमध्ये डीव्हीबीसह पाच वृत्तसंस्थांचे परवाने रद्द झाले. डीव्हीबी पुन्हा भूमिगत झाली.

नागाई यांच्या हातातील कॅमेरा मात्र त्या दिवसापासून बेपत्ता होता. एप्रिल २०२३ मध्ये डीव्हीबीने तो बँकॉक येथे त्यांच्या बहिणीच्या स्वाधीन केला. आत टेप शाबूत होती. तीत जमाव दिसतो, सैन्याचे ट्रक येताना दिसतात आणि सेना आल्याचे सांगणारे नागाईही दिसतात. गोळी झाडली जाण्याआधीच चित्रण थांबते.