मोरचूद, विळ्याचं पातं आणि मर रोगाची बुरशी

तासगाव-पलूस भागातल्या द्राक्षबागायतदाराला बोर्डो मिश्रण शिकवावं लागत नाही. एक टक्क्याच्या द्रावणाला 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 100 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, मग एकत्र करायचं, आणि शेवटी विळ्याचं स्वच्छ पातं बुडवून बघायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. नाहीतर मोकळं तांबं पानं जाळणार.

माझी पीएचडी बुरशीकडून धातूंच्या ऑक्साइडचे नॅनोकण करून घेणं आणि ते पिकांच्या रोगांवर वापरून बघणं, या विषयावर आहे. विषय नवा वाटतो. पण त्याचा इतिहास सांगायचा तर सुरुवात या पिंपापासूनच करावी लागते.

चोरांसाठी टाकलेलं औषध

तांबं बुरशीला मारतं, हे बेनेडिक्ट प्रेव्होनं 1807 मध्येच गव्हाच्या काणीवर दाखवून दिलं होतं. त्याचा मोठा वापर सुरू व्हायला मात्र द्राक्षांवर संकट यावं लागलं. 1878 च्या सुमारास अमेरिकेतून फ्रान्समध्ये डावणी (पुस्तकी नाव केवडा) पोचली आणि बागाच्या बागा पानं गाळू लागल्या. 1882 च्या ऑक्टोबरमध्ये बोर्दोचे प्राध्यापक पिएर मिलार्दे यांना एक गंमत दिसली. आतल्या वेली उघड्या पडलेल्या, पण रस्त्याकडेच्या वेलींची पानं हिरवीगार. चौकशी केली तेव्हा कळलं, की येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून मालकानं त्यांच्यावर मोरचूद आणि चुना शिंपडला होता! रसायनशास्त्रज्ञ युलिस गेयाँ यांच्या मदतीनं मिलार्दे यांनी प्रयोग केले आणि 1885 मध्ये कृती प्रसिद्ध केली. आपल्या 'बोर्डो'तलं बोर्डो म्हणजे हेच गाव.

तांबं एकाच जागी घाव घालत नाही, बीजाणूतली अनेक प्रथिनं एकदम निकामी करतं. म्हणून आजही डावणीला त्याची सवय झालेली नाही. पण तांबं हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, विरत नाही. फवारलेलं पानावरून धुऊन जातं आणि मातीत साठतं. युरोपच्या जुन्या द्राक्षबागांच्या मातीत ते साठलेलं आहेच. म्हणून 2019 पासून युरोपीय संघानं हेक्टरी 7 वर्षांत जास्तीत जास्त 28 किलो तांबं, अशी मर्यादा घातली. त्याच 2019 मध्ये आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतरही पाऊस हटेना, डावणीनं घड जिरवले, आणि बागायतदार फवारणीवर फवारणी घेत राहिले. मला पडलेला प्रश्न तिथलाच आहे: कमी धातूत तेवढंच काम होईल का?

नॅनोकणांचं आकर्षण इथं आहे. 1 सेंटिमीटरचा एक घन घ्या, त्याचा पृष्ठभाग 6 चौरस सेंटिमीटर. त्याचेच 10 नॅनोमीटरचे घन केले तर एकूण पृष्ठभाग 600 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ 6 गुंठे. बुरशीशी गाठ पडते ती पृष्ठभागाची.

पुण्यातला शोध

असे कण रासायनिक पद्धतीनं करता येतात, पण त्यात बऱ्याचदा जास्त उष्णता किंवा घातक रसायनं लागतात. 2001 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि सहकाऱ्यांनी व्हर्टिसिलियम नावाची बुरशी चांदीच्या क्षाराच्या पाण्यात ठेवली. बुरशीनं चांदीचे नॅनोकण तयार केले. अडचण एकच, कण तिच्या तंतूंमध्येच अडकून बसले. पुढे त्याच गटानं फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम घेतली. हिनं कण बाहेर पाण्यात तयार केले. गाळलं की हातात.

विळ्याचं पातं आठवा. तिथं लोखंड इलेक्ट्रॉन देतं आणि द्रावणातलं तांबं धातू होऊन पात्यावर बसतं. चांदीच्या बाबतीत हे 'देण्याचं' काम बुरशीतून आलेले पदार्थ करतात. ऑक्साइडची गोष्ट जरा वेगळी. एनसीएलच्याच गटानं 2004 मध्ये झिर्कोनिया आणि 2005 मध्ये सिलिका-टायटेनिया याच फ्युजेरियमकडून करून घेतले. त्यात बुरशीनं सोडलेली धनभारित प्रथिनं धातूच्या संयुगाचं पाण्यात विघटन घडवतात आणि ऑक्साइड बाहेर पडतं. भट्टी नाही, साध्या तापमानाला.

आता या दोन्ही नावांकडे परत बघा. व्हर्टिसिलियम झाडं मारते. फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम म्हणजे तर आपल्या हरभऱ्यातला मर रोग! ज्या बुरशीमुळे साताऱ्या-सांगलीच्या रब्बीत उभी झाडं वाळतात, तिच्याच एखाद्या भाऊबंदाकडून औषध करून घ्यायचं, असा हा सगळा मामला.

मग बाटली कुठे आहे?

हा प्रश्न मला गावाकडे हमखास येतो. 2021 पासून नॅनो युरिया दुकानात आहे, मग हे का नाही?

परिणाम दिसत नाही असं नाही. झिंक ऑक्साइडचे नॅनोकण बोट्रायटिस बुरशीची वाढ रोखतात, हे 2011 मध्ये प्रसिद्ध झालंय. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवर करडी बुरशी येते ती हीच. पण बशीतला परिणाम आणि बागेतला परिणाम यांत पाऊस, ऊन आणि माती आहे. शिवाय बुरशी जिवंत आहे. तापमान, आम्लता, तिचं वय बदललं की कणांचा आकार बदलतो, आणि आकार बदलला की औषध बदललं. पिकाला मारणारी बुरशी कारखान्यात वाढवायची, तर तिचा एकही बीजाणू बाटलीत जाता कामा नये. म्हणून बरेच जण आता ट्रायकोडर्मा वापरतात. आपल्याकडे हळद-आल्याच्या कंदकुजीसाठी ती शेणखतात मिसळून देतातच, म्हणजे ओळखीची.

पण खरी मेख पुढे आहे. जस्त काय किंवा तांबं काय, त्याला शत्रू-मित्र कळत नाही. रोगाची बुरशी मारणारा कण मातीतल्या ट्रायकोडर्मालाही मारू शकतो. नॅनो आधारित कृषी उत्पादनं कशी तपासायची, याच्या मार्गदर्शक सूचना भारत सरकारनं 2020 मध्ये काढल्या, त्या यासाठीच महत्त्वाच्या आहेत.

बोर्डो मिश्रण परिणामकारक आहे हे मिलार्दे यांना काही वर्षांत कळलं. मातीत काय साठतंय हे कळायला पुढच्या पिढ्या गेल्या. म्हणून माझ्या वहीत बुरशी किती मेली या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने आहेत: धातू किती लागला, आणि मातीतली ट्रायकोडर्मा किती उरली. तिन्ही भरल्याशिवाय 'बोर्डोला पर्याय' असं मी कुठल्याही बागायतदाराला सांगणार नाही. तोवर पिंप, चुना आणि विळा आहेच.

कण खरंच नॅनो आहेत की नाहीत हे कसं ओळखतात, ते पुढच्या लेखात.