मित्र नसलेले मूल : पालक व धर्मशिक्षकांसाठी

विदर्भातील शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात आणि अनेक मुले नव्या वर्गात, काही वसतिगृहात, प्रथमच पाऊल ठेवतात. पुस्तके, गणवेश, शुल्क यांची व्यवस्था आपण करतो; मुलाला तेथे सोबती मिळाला की नाही, हे मात्र क्वचितच विचारतो. अमरावती धर्मप्रांतातील यवतमाळ जिल्ह्याच्या भाविकांसाठी आम्ही या प्रश्नाचा येथे विचार करीत आहोत.

एकटेपणाची कारणे

काही मुले स्वभावतःच अबोल असतात. एक-दोन मित्रांत ती समाधानी असतील तर चिंतेचे कारण नाही. परंतु मित्र हवा असूनही जे मूल दूर राहते, त्याला साहाय्याची गरज असते. आपल्या जिल्ह्यात याची काही खास कारणे आहेत. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांतील कोलाम व गोंड मुले घरी कोलामी किंवा गोंडी बोलतात. तांड्यावरील मुले गोरमाटी बोलतात. शाळेतील मराठी उच्चारांची थट्टा झाली की मूल बोलणेच सोडते. कापूस वेचणीच्या दिवसांत किंवा पालकांच्या स्थलांतरामुळे शाळा बुडते व जुळलेली मैत्री तुटते. ज्या शेतकरी कुटुंबात पित्याने आत्महत्या केली, तेथील मुलाशी काय बोलावे हे न कळल्याने सवंगडी त्याला टाळतात. वर्गात एकटेच ख्रिस्ती असणारे मूलही कधी कधी वेगळे पडते.

लक्षणे

शाळेच्या वेळीच पोट दुखणे, डबा तसाच परत येणे, वस्तू वारंवार हरवणे वा फाटणे, एकाही मित्राचे नाव न घेणे, किशोरवयात खोली किंवा मोबाइल न सोडणे, यांकडे आळस म्हणून पाहू नये.

संत जॉन बॉस्को यांचा मार्ग

संत जॉन बॉस्को (१८१५-१८८८) दोन वर्षांचेही नव्हते तेव्हा त्यांचे पितृछत्र हरपले. ८ डिसेंबर १८४१ रोजी इटलीतील तुरीन येथे ते मिस्सेची तयारी करीत असता चर्चच्या सेवकाने एका अनाथ मुलाला मारून हाकलले. त्याचे नाव बार्तोलोमेओ गारेल्ली. हा माझा मित्र आहे, असे सांगून डॉन बॉस्को यांनी त्याला परत बोलावले. धर्मशिक्षणाला का येत नाहीस, असे विचारता, लहान मुलांना सारे येते व मला काहीच येत नाही, याची लाज वाटते, असे तो म्हणाला. स्वतंत्र शिकविले तर येशील का, या प्रश्नाला त्याने होकार दिला. पुढे तो इतर मुलांनाही घेऊन येऊ लागला. आधी एका मोठ्या माणसाचा विश्वास, मग समूह, हा क्रम आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

पालकांनी काय करावे

१. "जा, मित्र कर" असे सांगू नये. आज मधल्या सुट्टीत कोठे बसलास, असे सोपे विचारावे व उत्तर मध्येच न तोडता ऐकावे.
२. भावंडांशी तुलना करू नये. चारचौघांत त्याच्या लाजाळूपणाची चर्चा करू नये.
३. एकाच मुलाला घरी खेळायला बोलवावे. मोठ्या घोळक्यापेक्षा हे सोपे जाते.
४. खेळात कसे सामील व्हावे, नको असेल तेव्हा ठामपणे नाही कसे म्हणावे, याचा घरी सराव करून घ्यावा.
५. घरच्या बोलीचा अभिमान ठेवावा. मराठी गोष्टी सोबत मोठ्याने वाचाव्यात.

छळ होत असल्यास

थट्टा, मारहाण किंवा मोबाइलवरील बदनामी वारंवार होत असेल तर "तूही मार" किंवा "सहन कर" हे दोन्ही सल्ले अपुरे आहेत. क्षमा करणे म्हणजे अन्याय लपविणे नव्हे. दिवस व घटना लिहून ठेवून वर्गशिक्षक व मुख्याध्यापकांना भेटावे. छळणारे मूल आपलेच असल्यास तेही मान्य करून त्याला सुधारावे. मुलांसाठी १०९८ व मानसिक आरोग्यासाठी १४४१६ (टेली-मानस) हे निःशुल्क क्रमांक आहेत. मूल जगणे नको म्हणत असेल तर त्याला एकटे न सोडता तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

धर्मग्रामाचा वाटा

प्रभू येशूने आपल्या बारा शिष्यांना दोघादोघांनी पाठविले (मार्क ६:७). धर्मशिक्षण वर्गात नव्या मुलालाही असाच एक जोडीदार नेमून द्यावा. वेदीसेवा, गायनवृंद, नाताळचा गोठा बांधणे अशी कामे दोघांना मिळून द्यावीत. हाताला काम असले की बोलणे आपोआप सुरू होते. पित्याचे छत्र हरपलेल्या मुलाला दर रविवारी नावाने हाक मारणारा एक तरी प्रौढ चर्चच्या दाराशी असावा.

येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर आवारात एकटे उभे असलेले मूल कोणते, हे प्रत्येकाने पाहावे, अशी आमची नम्र विनंती आहे.