रोजकीर्द आणि खतावणी



पेढीवरचा व्यवहार प्रथम रोजकीर्दींत उतरतो आणि मागाहून खतावणींत जातो. खतावणी लिहितांना मध्येंच दिवा विझला, तरी रोजकीर्द शाबूत असल्यास हिशेब पुन्हां जुळवितां येतो. संगणकांतील फायलींच्या व्यवस्थेनें हेंच जुनें शहाणपण उचललें आहे.

लिनक्स या कार्यप्रणालींत १९९३ सालीं आलेली 'एक्स्ट-टू' ही व्यवस्था अशी रोजकीर्द ठेवीत नसे. लिहितां लिहितां वीज गेली, कीं पुढच्या वेळीं सबंध तबकडी तपासावी लागे. तबकडी जितकी मोठी, तितका खोळंबा अधिक. १९९८ सालीं स्टीफन ट्वीडी यांनीं उपाय मांडला. कोणती फाइल कोठें आहे, या तपशिलांतील फेरफार आधीं एका राखीव वहींत नोंदवावा, नोंद पुरी झाल्याची खूण करावी आणि मगच तो मूळ जागीं न्यावा. अपघातानंतर खूण असलेल्या नोंदी पुन्हां अमलांत आणाव्या. अपुऱ्या सोडून द्याव्या. ही पद्धत नोव्हेंबर २००१ मध्यें 'एक्स्ट-थ्री' या नांवानें लिनक्सच्या मुख्य प्रवाहांत आली.

परंतु वही उघडण्याच्या विधींतच एक धोका शिरला होता. जुन्या तबकड्यांना अशी वही नव्हती. म्हणून तबकडी जोडतांनाच नवी वही घालण्याची सोय लिनक्सच्या गाभ्यांत ठेवलेली होती. जोडणाऱ्यानें एका फायलीचा क्रमांक द्यावा आणि गाभ्यानें तिच्यांतील मजकुरावर वही मांडावी! क्रमांक चुकला तर काय होईल, हें सांगावयास नको. ज्या वहीनें दप्तर राखावयाचें, तिच्याच पायीं कागद गहाळ व्हावयाचे.

पुढें नवी वही मांडण्याचें काम तबकडी आखणाऱ्या आणि तिच्यांत फेरफार करणाऱ्या स्वतंत्र साधनांकडे गेलें. 'एक्स्ट-फोर' ही व्यवस्था २००८ च्या अखेरीस स्थिर म्हणून लिनक्समध्यें आली, आणि २००९ सालीं तिच्यांतून वही निर्माण करणारा हा जुना भाग काढून टाकण्यांत आला. तबकडी जोडतांना गाभ्याला मग एवढेंच उरलें: असलेली वही शोधावी, तिचें पहिलें पान पारखावें, आणि अपघातांत अर्धवट राहिलेलें काम तडीस न्यावें.

नव्या रचनेचा गौरव होतो. गाळलेल्या ओळींची आठवण कोणी ठेवीत नाहीं. तथापि हा विधि चालतो तो बहुधा वीज नुकतीच परत आलेली असतांना, दप्तर अर्धवट उघडें पडलेलें असतांना. अशा वेळीं दप्तर उघडणाऱ्या कारकुनाच्या हातीं नवी वही शिवण्याची सुई नसलेलीच बरी.