अंबरनाथचा शिलालेख आणि काळोखी स्लाइड

विठ्ठलवाडीहून बदलापूरकडे जाताना दुसरे स्थानक अंबरनाथचे. वालधुनीच्या काठच्या तेथील शिवमंदिरात, उत्तरेकडील द्वाराच्या चौकटीवर आतल्या बाजूस, एक संस्कृत लेख कोरलेला आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातील शकवर्ष ७८२ असे वाचले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असे निश्चित केले. एका अंकाच्या पाठभेदाने मंदिराचा काळ दोन शतकांनी बदलला.

असे लेख पुष्कळदा छायाचित्रांवरून अभ्यासावे लागतात. कोडॅक्रोमची ३५ मिलिमीटर फिल्म १९३६ साली आली आणि ती धुण्याची सोय २०१०च्या अखेरीस संपली. संग्रहांतील अशा स्लाइडी आता स्कॅन करूनच अभ्यासकांच्या हाती येतात. म्हणून स्कॅनच्या वेळची प्रकाशमात्रा हा पाठचिकित्सेचाच विषय ठरतो.

या मंदिराचा सभामंडप अंधारा, तर खोल गेलेले गर्भगृह वरून आकाशास खुले आहे. उजेडाच्या मानाने घेतलेल्या चित्रात भोवतीचा दगड काळा पडणे स्वाभाविक होय. स्लाइड हे सुलट चित्र असल्यामुळे सावलीच्या जागी तिचे रंगद्रव्य दाट असते. घनता ३ असेल तर पडलेल्या प्रकाशाचा केवळ हजारावा अंश पार जातो. इतक्या क्षीण संकेतात स्कॅनरच्या संवेदकाचा स्वतःचा गोंगाट मिसळतो. स्कॅननंतर संगणकावर चित्र उजळल्यास संकेताबरोबर तो गोंगाटही वाढतो, आणि रवाळ ठिपक्यांतून अक्षराची रेघ वेगळी काढणे दुष्कर होते.

यावर उपाय स्कॅनच्या वेळीच योजावा लागतो. संवेदकास प्रकाश ग्रहण करण्यास अधिक अवधी दिला, तर सावलीतील तपशील उमटतो. परंतु उजळ भाग पांढराफटक होऊन तेथील तपशील नष्ट होतो. यास्तव एक स्कॅन उजळ भागासाठी व दुसरे काळोखासाठी करून दोन्ही जुळवतात. एकाच अवधीची सोळा वाचने घेऊन त्यांची सरासरी काढल्यास यादृच्छिक गोंगाट सुमारे एक चतुर्थांशावर येतो. तथापि फिल्मवर जे मुळात उमटलेच नाही, ते कोणत्याही उपायाने मिळत नाही.

चित्र किती उजळावे, हा निर्णय म्हणजे वाचनाचाच एक भाग होय. हस्तलिखिताच्या संपादकाने पाठभेद नोंदवावेत, त्याप्रमाणे स्कॅन करणाराने प्रकाशग्रहणाचा अवधी, वाचनांची संख्या व नंतरचे फेरफार नोंदवावेत. न उजळलेले मूळ स्कॅन आणि स्लाइडही जपावी. तेव्हाच पुढील अभ्यासकास अंक ७ की ९, याची पुन्हा परीक्षा करता येईल.